भुलीत कुत्र्याचं काळीज का अडखळतं?

"थे उठीन ना साहेब?"

भूल द्यायच्या आधी हा प्रश्न मला जितक्यांदा विचारला गेलाय, तितका दुसरा कुठलाच नाही. गेल्या पौषात एक म्हातारे बाबा आणि त्यांचा नातू मोतीला घेऊन आले. तुरीच्या वावरात जागलीवर असताना रानडुकरानं त्याला मांडीपासून पोटापर्यंत फाडलं होतं. कातडी लोंबत होती, जखमेत माती नि तुरीचा पाला. शिवायचं तर भूल देणं भागच होतं. बाबांनी प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाले, "मांगच्या वर्षी आमच्या शेजाऱ्याच्या कुत्र्याले सुई झेपली नाही."

सुई झेपली नाही. आपल्याकडं टेबलावर कुत्रं गेलं की एवढंच म्हणतात. मालकही म्हणतो, कधीकधी डॉक्टरही म्हणतात, आणि विषय तिथंच संपतो. पण सुई म्हणजे काही एक गोष्ट नाही आणि न झेपणं म्हणजेही एक गोष्ट नाही. भुलीत हृदय बिघडण्याच्या चार-पाच वेगवेगळ्या वाटा आहेत. बहुतेक वाटांवर हृदय थांबण्याआधी इशारा देतं. तो इशारा ओळखायला माणूस हवा, एवढंच. म्हणून हे लिहितोय.

आधी हृदय चालतं कसं ते पाहू. ते चालवायला मेंदू लागत नाही. उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, तो ठरावीक वेळानं विजेची बारीक ठिणगी सोडतो. ठिणगी वरच्या दोन कप्प्यांतून पसरते, मधल्या एका गाठीपाशी क्षणभर थबकते आणि मग खालच्या दोन जाड कप्प्यांत उतरते. ते आवळले की रक्त अंगभर जातं. मेंदूच्या हातात फक्त वेग असतो, बैलगाडीवर असतो तसा. एका हातात कासरा, दुसऱ्या हातात बैलाला टोचायची तुतारी. कासरा म्हणजे व्हेगस नावाची नस. ती मेंदूतून निघून मानेतून, छातीतून थेट पोटापर्यंत जाते आणि हृदयाला आवरून धरते. तुतारी म्हणजे भीती, वेदना, धावपळ यांच्या वेळी सुटणारं अ‍ॅड्रिनलिन.

कुत्र्यात हा कासरा जात्याच घट्ट असतो. शांत बसलेल्या कुत्र्याच्या छातीला कान लावा, ठोके एकसारखे पडत नाहीत. श्वास आत घेताना जलद, सोडताना सावकाश. पहिल्यांदा ऐकणारा घाबरतो, पण निरोगी कुत्र्यात ते अगदी बरोबर असतं. मध्यम अंगाच्या गावठी कुत्र्याचे निवांतपणी मिनिटाला साधारण ७० ते १२० ठोके पडतात. लहानखुऱ्या कुत्र्याचे जास्त, थोराड कुत्र्याचे कमी.

भुलीची औषधं या गाडीवानालाच गुंगी आणतात. मग कासरा कधी नको इतका ताणला जातो, तर कधी हातातून सुटतो.

खेड्यातल्या दवाखान्यात कुत्र्यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे झायलाझिन. १९६२ साली जर्मनीत ते तयार झालं, माणसाचा रक्तदाब उतरवायला. माणसांत गुंगी फार आली म्हणून तिकडं चाललं नाही, जनावरांत मात्र चाललं. मांसात टोचता येतं, स्वस्त असतं, काही मिनिटांत जनावर आडवं होतं, आणि गाय-बैलासाठी ठेवलेली बाटली कुत्र्यालाही कामी येते. मात्रा अर्थातच वेगळी. ढोरांना ते इतकं लागू पडतं की घोड्याच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्यात गाय बसते.

हे औषध आत गेलं की पहिल्यांदा अंगभरच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्तदाब वर चढतो. शरीराला कळतं की दाब वाढलाय, म्हणून ते कासरा ओढतं. ठोके ४०-५० वर येतात, कधी आणखी खाली. त्या मधल्या गाठीपाशी एखादी ठिणगी अडते आणि ठोका गळतो. हिरड्या फिकट दिसतात. इथंच नवखा माणूस गोंधळतो: रक्तस्राव झाला की काय, की हृदय थांबतंय? बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. नस आकसलीय, म्हणून हिरडी फिकट. निरोगी जवान कुत्रं एवढं सहन करतं. पण ज्याचं हृदय आधीच दुबळं आहे किंवा अंगात रक्त कमी आहे, त्याला आकसलेल्या नळ्यांमध्ये रक्त ढकलणं फार जड जातं. मग लगेच ठोके वाढवायला अ‍ॅट्रोपिन टोचावंसं वाटतं. दाब चढलेला असताना ते देणं म्हणजे भरलेल्या गाडीला चढावर तुतारी टोचण्यासारखं आहे. ठोके वाढतात, पण हृदयावरचा ताणही वाढतो. त्यापेक्षा झायलाझिनची उतारसुई, म्हणजे योहिम्बिन किंवा अ‍ॅटिपामेझोल, हाताशी ठेवणं शहाणपणाचं. माझं मत विचाराल तर जिथं झायलाझिन आहे तिथं उतारसुई असलीच पाहिजे. ती महाग पडते हे खरं, पण ती नसल्यामुळं गेलेली कुत्री मी पाहिली आहेत.

त्याच्या जोडीला बहुधा केटामाइन हे भुलीचं दुसरं औषध देतात. ते उलट तुतारीच्या बाजूचं, ठोके वाढवणारं. दोन्ही मिळून बऱ्यापैकी तोल साधतो. पण दोन्हींचा असर सारखा वेळ टिकत नाही, म्हणून शस्त्रक्रिया लांबली की तोल ढळतो. अशा वेळी डोळे उघडे ठेवून बसावं लागतं.

कासरा ओढला जाण्याची आणखी एक वाट आहे, आणि ती डॉक्टरच्या हातात असते, अगदी शब्दशः. कुत्रीची नसबंदी करताना अंडाशय वर ओढावं लागतं. त्या ओढीनं व्हेगसला झटका बसतो आणि ठोके एकदम पडतात. बाहेर आलेला डोळा काढताना किंवा आत बसवतानाही हेच होतं. डोळा दाबला की हृदय मंदावतं, हे १९०८ साली आश्नर आणि डॅग्निनी या दोघांनी आपापल्या जागी नोंदवलं होतं. यावर पहिला उपाय कुठलंही औषध नाही. हात सोडायचा. ओढ सुटली की बहुतेक वेळा काही सेकंदांत ठोके परत येतात, आणि न आले तर अ‍ॅट्रोपिन इथं खरोखर उपयोगी पडतं. पण ठोके पडले हे कळायला कुणीतरी मोजत असायला हवं. शिवणारा मोजू शकत नाही, त्याचे दोन्ही हात रक्तात असतात.

आता उलटी बाजू, आणि माझ्या मते आपल्या भागात हीच जास्त घातक आहे. कुत्रं गावातून मोटारसायकलवर पोत्यात घालून आणलंय. दवाखान्यात चार जण त्याला दोरीनं आवळून धरतात, तोंडाला सुतळी, मानेवर गुडघा. ते धडपडतंय, मुततंय, त्याच्या अंगात अ‍ॅड्रिनलिनचा पूर आलाय. त्यातच सुई टोचली, भूल अर्धवट लागली आणि कुणीतरी जखमेला हात घातला.

इथं एक जुनी गोष्ट सांगतो, ती आपल्या मुलुखापासून फार लांबची नाही. १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. खर्चाला निजामाचा हात होता आणि पुढाकार एडवर्ड लॉरी या डॉक्टरचा. वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचंच होतं, कारभार इंग्रजांचा. प्रश्न असा होता की क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवतं की हृदय? शेकडो कुत्र्यांना भूल देऊन पाहिलं आणि आयोगानं निकाल दिला की श्वास आधी थांबतो. श्वासाकडं लक्ष ठेवा, हृदयाची काळजी नको. तरी माणसं टेबलावर अचानक मरतच राहिली. तीही कित्येकदा भूल नुकतीच लागत असताना, साध्याशा शस्त्रक्रियेत. १९११ साली गुडमन लेव्ही या डॉक्टरनं मांजरांवर दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना अंगात अ‍ॅड्रिनलिन वाढलं, तर हृदय एकाएकी थरथरायला लागतं आणि बंद पडतं. गाढ भुलीपेक्षा अर्धवट भूल आणि भीती हीच जोडी धोक्याची ठरली.

क्लोरोफॉर्म गेलं, पण हा धडा जुना झाला नाही. झायलाझिनही हृदयाला अ‍ॅड्रिनलिनबाबत हळवं करतं. अशा हळव्या हृदयात त्या मूळ पुंजक्याला न विचारता खालच्या कप्प्यातलीच एखादी जागा आगाऊ ठिणगी सोडते. कप्पा रक्तानं भरायच्या आतच आवळला जातो. एखाद-दुसरा असा ठोका फारसा बिघडवत नाही. ते एकामागून एक यायला लागले तर मात्र घड्याळ सुरू झालं समजा. पुढची पायरी म्हणजे थरथर. हृदयाचा प्रत्येक धागा आपापल्या वेळेला ओढतो. वीस माणसं मोटेचा एकच दोर वेगवेगळ्या क्षणी ओढताहेत असं डोळ्यांपुढं आणा. दोर हलतो, पण पाणी वर येत नाही. ही थरथर मोडायला विजेचा झटका देणारं यंत्र लागतं, आणि तालुक्याच्या ढोराच्या दवाखान्यात ते मी आजवर पाहिलेलं नाही. म्हणून आधीची पायरी ओळखणं एवढंच आपल्या हातात आहे.

ती यंत्राशिवायही ओळखता येते. एका हातानं छातीला स्टेथोस्कोप लावायचा, दुसऱ्या हाताची दोन बोटं मांडीच्या आतल्या बाजूला, जिथं नाडी उडते तिथं ठेवायची. प्रत्येक ठोक्याला बोटाखाली एक उडी हवी. कानाला ठोका आला आणि बोटाला उडी आली नाही, तर तो ठोका रिकामा गेला. असे रिकामे ठोके वाढायला लागले की हात थांबवायचे, श्वास पाहायचा, प्राणवायू द्यायचा, वेदना शमवायची. थरथर सुरू व्हायच्या आत शिरेतून लिग्नोकेन हे ठोके ताळ्यावर आणणारं औषध दिलं तर पुष्कळदा गाडी रुळावर येते.

श्वास पाहायचा असं म्हटलं, कारण लॉरीचं म्हणणंही निम्मं खरं होतं. खेड्यातल्या टेबलावर हृदय थांबतं ते बहुतेक वेळा श्वासामागून. जीभ मागं पडते, ओकारी घशात अडकते, मान दुमडते, श्वास उथळ होतो. रक्तातला प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो आणि हृदय आधी जलद, मग वेडंवाकडं, मग मंद होत जातं. म्हणूनच उपाशीपोटी आणा असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. झायलाझिननं कुत्र्याला पुष्कळदा ओकारी येते. आणि मायबहिणींना वाटतं, ऑपरेशनच्या दिवशी लेकराला उपाशी कसं पाठवावं? दूध-भाकर चारून आणतात आणि विचारलं की नाही म्हणतात. चारलं असेल तर सांगा. कुणी रागावणार नाही; फार तर आपण चार तास थांबू किंवा दुसरा मार्ग काढू.

शहरात आता आयसोफ्लुरेन हा वास-भुलीचा वायू आणि शिरेतून द्यायचं प्रोपोफोल वापरतात. नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्यालाही पशुवैद्यकीय संस्था आहे. गुंतागुंतीचं जनावर असेल तर तिकडं न्यायला कचरू नये. पण चांगलं औषध म्हणजे बिनधोक औषध नव्हे. ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत ठिबकच्या सगळ्या ओळी एकदम उघडल्या तर काय होतं ते बागाईतदाराला सांगायला नको. मोटार चालू, टाकीत पाणी आहे, पण शेवटच्या झाडाला थेंब पोचत नाही. सरासरी रक्तदाब ६० च्या खाली गेला की मूत्रपिंड हे ते शेवटचं झाड. कुत्रं भुलीतून उठतं, घरी जातं आणि चार दिवसांनी मूत्रपिंड बसल्याचं कळतं. म्हणून शिरेत सुई आधीच बसवून सलाइन चालू ठेवायचं. अडचण आल्यावर शीर सापडत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना पटत नाही. भुलीत कुत्रं गारठतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना गारठेल कसं? पण पोट भादरलेलं, त्यावर स्पिरिट पुसलेलं, खाली लोखंडी टेबल, वरून कूलरचा झोत, आणि आतली शेकोटी औषधानं मंदावलेली. कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ३० च्या खाली गेलं तर हृदय इतकं मंदावतं की अ‍ॅट्रोपिनलाही दाद देत नाही, आणि त्याच्याही खाली ती थरथर सुरू व्हायचा धोका असतो. पिल्लं नि पामेरियनसारखी लहान कुत्री तर भराभर गार पडतात. अंगाखाली पोतं, वर जुनं घोंगडं आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून. एवढ्यानं फार फरक पडतो.

टेबलावर येण्याआधीच जे बिघडलेलं असतं, ते मालकालाच ठाऊक असतं. गोचिडांनी भरलेलं कुत्रं असेल तर गोचिडतापानं त्याचं रक्त पातळ झालेलं असू शकतं, रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात, आणि कधीकधी त्या तापाची सूज हृदयाच्या स्नायूवरही येते. म्हाताऱ्या पामेरियनला रात्री खोकला येतो, जिना चढताना ते थांबतं, हे वय झाल्याचं लक्षण नसून गळक्या झडपेचं असू शकतं. डॉबरमनमध्ये हृदय फुगून पातळ होण्याचा आजार वंशातच असतो, आणि पहिली खूण म्हणून एकदम भोवळही येऊ शकते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचा श्वास जागेपणीच घोरत चालतो, मग भुलीत काय होईल? भूल देण्याआधी डॉक्टरनं हे विचारायलाच हवं. नाही विचारलं तर तुम्ही होऊन सांगा. आणि तुम्हीही एक विचारा: "शिवताना नाडी कोण पाहणार?"

तरीही हृदय थांबलंच तर? औषध बंद, उतारसुई, तोंडातून श्वासनळीत नळी, आणि कुत्र्याला कुशीवर ठेवून छाती दाबायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मी आत जाईल इतकी खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटं न थांबता, मग माणूस बदलायचा, कारण हात थकले की दाब उथळ होतो. श्वास मिनिटाला १० पुरेत. घाईत जास्त फुंकले जातात, त्यानं नुकसानच होतं. बाकी कारणांनी हृदय थांबलेल्या कुत्र्यांपेक्षा भुलीत थांबलेली कुत्री परत येण्याचं प्रमाण बरंच चांगलं आहे, कारण कारण समोर असतं आणि माणूस जवळ असतो. म्हणून लवकर हात टेकू नयेत.

ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात जवळपास ९८ हजार कुत्र्यांच्या भुलीची पाहणी झाली होती. एकूण मृत्यू ०.१७ टक्के. निरोगी कुत्र्यांत ०.०५ टक्के, आजारी कुत्र्यांत १.३३ टक्के. ते आकडे तिकडच्या सोयींचे आहेत, आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. पण त्यातली एक गोष्ट इथं अगदी तशीच लागू पडते. दगावलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याच्या आसपास शस्त्रक्रिया संपल्यावर दगावली, आणि त्यांतली बरीचशी पहिल्या तीन तासांत.

हे वाचलं तेव्हा मला माझी पहिली काही वर्षं आठवली. एका कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला होता. शस्त्रक्रिया चांगली झाली, शेवटचा टाका घातला, सुटकेचा श्वास सोडला आणि मी हात धुवायला गेलो. मदतनीस अवजारं उचलत होता. मालक बाहेर विडी ओढत होता. पाच-सात मिनिटांनी परत आलो तर तिची जीभ निळी पडलेली. मानेखाली गुंडाळलेल्या फडक्यानं मान दुमडली होती. छाती दाबली, सगळं केलं. ती परत आली नाही. मालक मलाच समजावत होता, "जाऊ द्या साहेब, सुई झेपली नाही तिले." मी त्याला तेव्हा खरं सांगितलं नाही. ते आज इथं लिहितोय.

त्या दिवसापासून माझ्या टेबलाशी एक माणूस फक्त मोजायला असतो. मदतनीस नसला तर घरचा कुणीही, पाचवी-सहावी शिकलेलं पोर असलं तरी चालतं. कोरोनात घरोघर आलेलं बोटाचं ऑक्सिजन यंत्र जिभेला लावून पाहतो. ते कधी चालतं, कधी जीभ दबली किंवा नस आकसली की भलताच आकडा दाखवतं. बोट तसं फसत नाही. पंधरा सेकंद मोजायचं, चारनं गुणायचं, दर पाच मिनिटांनी कागदावर लिहायचं.

मोतीच्या वेळी हे काम बाबांच्या नातवाकडं दिलं. सहावीत होता. आधी अर्धा तास मोतीला अंधाऱ्या खोलीत त्याच्याच मांडीवर निजू दिलं, दोरी सोडून. सुई लागली तेव्हा मोती धडपडला नाही. शिवताना मधेच पोरगं म्हणालं, "डॉक्टर काका, आता अकराच आले." म्हणजे मिनिटाला ४४. मी पोटाच्या आतली घडी ओढत होतो ती सोडली. पुढच्या मोजणीला सोळा. मग हळूहळू, ओढ न देता शिवलं. तास-सव्वा तास लागला.

नंतर दोघांना दवाखान्याच्या ओसरीत बसवून ठेवलं. बाबांना घाई होती, सांजच्याला एसटी एकच. मी म्हटलं, "बाबा, तो स्वतःहून छातीवर बसल्याशिवाय मी सोडत नाही. गाडी चुकली तर मी सोडतो घरी." कुशीवर मोती, मान सरळ, जीभ बाहेर काढलेली, अंगावर बाबांचं घोंगडं. साडेतीनच्या सुमारास त्यानं कान हलवला, मग मान उचलली, इकडंतिकडं पाहिलं आणि पुन्हा टेकवली. बाबा काहीच बोलले नाहीत, टोपी काढून डोळे पुसले. पोराची बोटं अजून मोतीच्या मांडीखालीच होती. ते ओठांतल्या ओठांत मोजत होतं.